पिनवाली

"सर, ही बाई कोण आहे?"

संहिताने अगदी सहज विचारलं होतं. समोरच्या मोठ्या पडद्यावर छातीचा एक्स-रे होता आणि मीटिंगच्या खोलीत ती आणि रत्नपाल तायडे असे दोघंच होते. हा एक्स-रे कंपनीत सगळ्यांना पाठ होता. उजव्या खांद्याच्या खाली एक सेफ्टी पिन आडवी पडलेली दिसायची, पांढरीशुभ्र, म्हणून सगळे त्याला 'पिनवाली' म्हणत. कंपनीचं सॉफ्टवेअर ज्या ज्या एक्स-रे मशीनवर होतं, तिथं रोज सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी पिनवाली पडद्यावर यायची. पिनेची कड स्वच्छ, धारदार दिसली की ऑपरेटरने 'ठीक' दाबायचं आणि कामाला लागायचं. नाही दिसली, तर कुठंतरी बिघाड आहे असं समजायचं. मदतीसाठी कुणी फोन केला, तर कंपनीच्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "भिया, पहले पिन देखी क्या?"

"नॉर्मल चेस्ट आहे," रत्नपाल म्हणाला.

"ते दिसतंय सर. पण कोणाची?"

"जुनी आहे. कॉलेजच्या लॅबमधली."

संहिता कंपनीत गुणवत्तेचं खातं सांभाळायची. असल्या उत्तरावर गप्प बसणाऱ्यातली ती असती, तर रत्नपालने तिला त्या कामावर घेतलंच नसतं.

"सर, बाहेरच्या देशातल्या ऑर्डरवाल्यांनी हेच पकडलंय. ते बोलतात, तुमच्या प्रत्येक मशीनमध्ये एका खऱ्या माणसाच्या बॉडीचा फोटो आहे, तर त्या माणसाची परमिशन दाखवा. माणूस नसेल तर घरच्यांची दाखवा. नाहीतर हटवा. आणि हटवायला काय प्रॉब्लेम नाही, आम्ही कंप्युटरवर नवीन चेस्ट बनवलीये. पिनसुद्धा टाकलीये तिच्यात. एकदम सेम टू सेम."

"हटवायचं नाही."

त्याला वाटलं त्यापेक्षा आवाज मोठा निघाला. संहिताने पेन खाली ठेवलं.

"मग नाव सांगा ना सर."



"गयाबाई वाल्मिक तायडे," तो म्हणाला. "माझी आई."

संहिताचा चेहरा उतरला. इतकी वर्षं तिनेही 'पिनवाली लगा दो', 'पिनवाली हटा दो' असं शंभर वेळा म्हटलं असेल. "सॉरी सर," ती हळूच म्हणाली. मग तिच्यातली खातेप्रमुख पुन्हा जागी झाली. "मग तर सोपं आहे. तुम्ही सही करा. आणखी कोणी आहे का?"

"मोठी बहीण आहे. महूला."

"त्यांची पण लागेल. सोमवारपर्यंत सांगा सर, दोन्ही व्हर्शन रेडी आहेत. तुम्ही बोलाल ते पाठवू. आणि हटवली तरी तुमच्याकडे कॉपी राहीलच ना."

कॉपी राहिली असती, हे खरं. पण घरच्या कंप्युटरात फोटो नुसता पडून राहतो. मशीनमध्ये गयाबाई रोज सकाळी उठून कामाला लागायची. हा फरक संहिताला कसा सांगणार?

आता कुणी म्हणेल, लोक आईचा फोटो भिंतीवर लावतात, ह्याने मशीनमध्ये लावला, एवढं लपवण्यासारखं त्यात काय होतं? लपवायचं असं काही नव्हतंच. सुरुवातीला सांगायची गरज पडली नाही, मग सांगायची वेळ निघून गेली, आणि पुढे सांगण्याची छाती झाली नाही.

ही गोष्ट सुरू झाली तेव्हा रत्नपाल इंदूरच्या एका इंजिनियरिंग कॉलेजात नवा नवा लेक्चरर होता. एक्स-रेचा मारा जितका कमी तितकं पेशंटच्या जिवाला बरं, पण मारा कमी केला की फोटो रवाळ येतो, कण कण दिसतो, आणि डॉक्टर वैतागतो. तो रवा गणिताने काढून टाकायचा आणि आतलं खरं मात्र पुसू द्यायचं नाही, हा रत्नपालचा ध्यास. त्यासाठी त्याला हवी होती एक निरोगी छाती. आजारी माणसांचे एक्स-रे ढिगाने मिळत होते. धडधाकट माणूस कशाला एक्स-रे काढायला जातोय?

महूच्या घरी जेवताना त्याने ही रड सांगितली, तेव्हा गयाबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "मग माझा काढ ना. मला काय धाड भरली?"

ती खरंच दणकट बाई होती. महूच्या बाजारातल्या एका टेलरकडून साड्यांचे फॉल, ब्लाउजचे हुक असं काम घरी आणायची, आणि अंगावर कुठं ना कुठं दोन-चार सेफ्टी पिना अडकवलेल्या असायच्याच. नवरा रेल्वेत कारकून होता, तो लवकर गेला. दोन पोरं तिने त्या पिना आणि सुया यांच्या जोरावरच मोठी केली म्हटलं तरी चालेल.

स्नेहलतागंजमधल्या एका नर्सिंग होममध्ये तेव्हा नवं डिजिटल मशीन आलं होतं. डॉक्टर ओळखीचे, त्यांनी हो म्हटलं. तिथल्या एक्स-रेवाल्याने सांगितलं तसं गयाबाईने बांगड्या काढल्या, कानातलं काढलं, सगळं रुमालात बांधून पोराच्या हातात दिलं. दवाखान्याच्या गाऊनची नाडी मात्र तुटलेली निघाली. परक्या पुरुषासमोर खांदा उघडा पडू देणारी ती बाई नव्हेच. तिने पटकन आपली एक पिन काढली आणि गाऊन खांद्याला टाचून टाकला. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

"लंबी सांस लो माँजी," एक्स-रेवाला बाहेरून ओरडला. "रोको!"

फोटो लगेच पडद्यावर आला. फिल्म धुवायची वाट बघण्याची सवय असलेल्या त्या दोघांना त्याचंच एवढं अप्रूप, की दोघंही पडद्यावर तुटून पडले. एक्स-रेवाल्याने कपाळाला हात लावला, "अरे यार, पिन रह गई." आणि रत्नपाल ओरडला, "राहू द्या! राहू द्या!" कारण त्याला जे हवं होतं आणि सुचत नव्हतं, ते समोर होतं. छातीत सगळंच मऊ, धुरकट. त्यात एकच गोष्ट अशी, जिची कड अगदी काटेकोर. रवा काढल्यावरही पिनेची कड तशीच राहिली, तर समजायचं गणित बरोबर. तो बोलत सुटला, एक्स-रेवालाही हुशार, तोही विचारत सुटला.

आणि जाड दारामागे, थंड पाटीला छाती लावून, गयाबाई उभी. तिला कुणी 'सोडा' म्हटलंच नव्हतं.

रत्नपालने दार उघडलं, तेव्हा तिचा चेहरा लालबुंद झाला होता आणि डोळे मोठे झाले होते. ती बोलली नाही. नुसता हात वर करून तिने विचारलं, सोडू का?

"अगं आई, सोड ना! अजून धरून बसलीस?"

तिने सोडला, आणि खोकत, हसत, स्टुलावर बसली. "तूच तर बोलला, तो माणूस सांगेल तसं कर. त्यानं सोड नाही बोललं."

पुढे ही तिची आवडती गोष्ट झाली. लग्नात, बारशात, विहारात पौर्णिमेची वंदना झाल्यावर बायका घोळका करून बसल्या की गयाबाई सुरू व्हायची, "पोरगा प्रोफेसर झाला बाई, अन् मायला श्वास सोड म्हणायचं इसरला!" रत्नपाल समोर असला की जास्तच रंगवून सांगायची. तोही हसायचा.

गणित बरोबर निघालं. त्या एका एक्स-रेवर रत्नपालने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं काम केलं, आणि एक दिवस त्याची कंपनी झाली. कंपनीचं सॉफ्टवेअर घातलेलं पहिलं मशीन गौतमपुऱ्याच्या एका धर्मादाय दवाखान्याने घेतलं, तेही फुकट दिलं म्हणून. मग मानपुरला हायवेवरच्या डॉक्टरने घेतलं, मग जिल्ह्याजिल्ह्यांतून मागणी आली, मग दुसऱ्या राज्यांतून. इंदूरच्या पेपरांत प्रोफेसर तायडेंचा फोटो यायला लागला. हाताची घडी घालून मशीनशेजारी उभे, हसू की नको अशा बेतात. कॉलेज त्याने सोडलं नाही. शिकवणं त्याला आवडत होतं, आणि कंपनी बुडाली तर काय, ही कारकुनाच्या घरातली धास्तीही होतीच.

मग ते साथीचं, वाईट वर्ष आलं. सगळ्या देशाला छातीचे एक्स-रे हवे झाले. त्या वर्षात कंपनी जेवढी वाढली, तेवढी आधीच्या सगळ्या वर्षांत मिळून वाढली नव्हती. लोक अभिनंदन करायचे आणि रत्नपाल विषय बदलायचा. त्याच वर्षी गयाबाई गेली.

दवाखान्यात कुणालाही आत सोडत नव्हते. पण मशीन त्याच्याच कंपनीचं, म्हणून तिचे एक्स-रे त्याच्या पडद्यावर येत. शेवटचा आला, तेव्हा सवयीने पडद्याचे दोन भाग झालेले होते. डावीकडे कायम तुलनेसाठी असायची ती पिनवाली, उजवीकडे आजचा पेशंट. दोन्हीकडे तीच डावी बरगडी वाकडी होती, लहानपणी बैलगाडीतून पडून वाकडी झालेली. एक्स-रेत हवा काळी दिसते. डावीकडे दोन्ही फुप्फुसं काळीभोर, श्वासाने गच्च भरलेली. उजवीकडे सगळं पांढरं झालं होतं. रत्नपालने ते फोटो शेजारी शेजारी किती वेळ पाहिले असतील, त्याला आठवत नाही. सॉफ्टवेअरने मात्र आपलं काम चोख केलं होतं. दोन्हीकडे कुठं रवा नव्हता.

तेव्हापासून त्याच्या मागे एक गोष्ट लागली. कुठलंही बंद दार दिसलं की त्याला वाटायचं, मागे कुणीतरी उभं आहे आणि आपण त्याला काहीतरी सांगायचं राहून गेलंय. बँकेत वाटायचं, लिफ्टपुढे वाटायचं, स्वतःच्या बाथरूमच्या दारापुढेही वाटायचं. एकदा कॉलेजात परीक्षेच्या हॉलबाहेर तो दाराला हात लावून उभा राहिला, आणि शिपायाने "क्या हुआ साहब?" म्हटल्यावर भानावर आला. दुसरी गोष्ट बायकोच्या, मधुरिमाच्या, लक्षात आली. "तू चहा पिता पिता एकदम श्वास घ्यायचाच थांबतो," ती म्हणाली. "तुला कळतं तरी का?" त्याला कळत नव्हतं. डॉक्टरने तपासून काही नाही म्हणून सांगितलं. त्याला स्वतःला मात्र कारण माहीत होतं. सकाळ झाली की शेकडो खोल्यांत शेकडो पडदे लागतात, आणि प्रत्येकावर आई श्वास रोखून उभी राहते. त्याला तिची भीती वाटत नव्हती. तिची त्याला दया यायची, आणि तरी तिला जाऊ द्यायला मन होत नव्हतं.

रविवारी तो महूला गेला. आजोबांनी लष्करातून सुटल्यावर बांधलेलं दोन खोल्यांचं घर आता पुढेमागे वाढलं होतं. मोठी बहीण पंचशीला अंगणात उन्हाला बसून हिरवे हरभरे सोलत होती. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली असली, तरी बसणं अजून शाळेतलंच, ताठ.

"जयभीम. ये. मधुरिमा नाही आली?"

"कामात आहे. ताई, तुझी एक सही पाहिजे."

"पहिले बस तर. सही कुठं पळून जाऊन राहिली?"

त्याने बसून सगळं सांगितलं. ती सोलत सोलत ऐकत होती. मग तिचा हात थांबला.

"मतलब तोच एक्स-रे? गाऊनची नाडी तुटली होती तो?"

"तोच."

"तो तू अजून ठेवला आहे?"

"ठेवलाय असं नाही, ताई. तो सगळ्या मशीनमध्ये आहे. रोज सकाळी लागतो."

"सगळ्या म्हणजे?"

"जितक्या विकल्या, तितक्या."

पंचशीलाने मांडीवरचं ताट बाजूला ठेवलं. "अन् मला सांगितलं नाही तू. अरे, आईचा ब्लाउज जरा सरकला तर पदर ओढायची ती. अन् तू तिच्या हड्ड्या दुनियेला दाखवून राहिला?"

"चेहरा दिसत नाही, ताई. कोणाला कळत नाही कोण आहे."

"मला कळलं असतं."

तिने हात पदराला पुसले. मग म्हणाली, "दाखव पहिले."

त्याने लॅपटॉप उघडून तिच्यापुढे धरला. तिने डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला.  मग बोट पडद्याच्या जवळ नेलं, टेकवलं नाही. "ही वाकडी. बैलगाडीची." बोट वर सरकलं. "अन् ही पिन." तिने बोट मागे घेतलं. "शेवटी मला काहीच नाही दिसलं, रतन. ती पांढरी थैली दिसली, बांधलेली. आत आईच आहे, हे पण तू बोलला म्हणून मी मानलं. हे बरं आहे. हे आईसारखं दिसतं."

रत्नपालला वाटलं, झालं काम. त्याने खिशातून कागद काढला.

"थांब," ती म्हणाली. "ह्याच्यात तिनं श्वास रोखून धरला आहे ना?"

"हो. पूर्ण भरलेला. हे काळं दिसतंय ना, ती हवा."

"मतलब, तू इसरला होता, तीच वेळ ही."

"तीच."

"मग तिला अजून कोणी सोड नाही बोललं."

"ताई, हा फोटो आहे."

"मला माहीत आहे फोटो आहे. तीस साल सायन्स शिकवलं मी, तू मला नको शिकवू." ती त्याच्याकडे वळली. "तू सांग, तू का धरून ठेवून राहिला?"

 बहिणीपुढे खोटं बोलायची सवय त्याला कधीच नव्हती.

"हा काढला तर माझ्याजवळ दुसराच राहतो, ताई. शेवटचा. डोळे मिटले की तोच येतो. ह्याच्यात तिची छाती साफ आहे. कुठंतरी रोज सकाळी कोणीतरी तिची साफ छाती बघतं, तेवढं मला पुरतं."

पंचशीलाने त्याच्या हातातून कागद घेतला, पेन घेतलं आणि ताटाच्या काठावर टेकवून वळणदार सही केली.

"घे. तुला नाही बोलायची आदत मला लहानपणापासून नाही. पण आता हे माझ्यावर ढकलू नको. ठेवायचं तर तू ठेव, सोडायचं तर तू सोड." मग ताट परत मांडीवर ओढत म्हणाली, "हरभरे घेऊन जा मधुरिमाला."

सोमवारी सकाळी तो ऑफिसला न जाता गौतमपुऱ्याला निघाला. पहिलं मशीन अजून तिथंच होतं. त्या दवाखान्यात इंटरनेट धड चालत नसल्याने बाकी सगळ्या मशीनसारखं ते दुरून बदलता येत नसे, कुणीतरी जाऊनच करावं लागे. रविवारी रात्री फोनवर 'मी जातो' म्हटल्यावर संहिताला नवल वाटलं, पण तिने एका पेन ड्राइव्हमध्ये दोन्ही आवृत्त्या घालून घरी पोचवल्या, आईची आणि बिनआईची. ड्राइव्ह एका खिशात होता, पंचशीलाच्या सहीचा कागद दुसऱ्या खिशात. काय करायचं ते अजून ठरलं नव्हतं. त्याला फक्त तिला तिच्या सगळ्यात जुन्या जागी बघायचं होतं.

एक्स-रेच्या खोलीत चाळिशीची एक बाई पाटी पुसत होती. पांढऱ्या कोटावर 'अंबिका' असं निळ्या दोऱ्याने भरलेलं होतं.

"कंपनीतून आलो," रत्नपाल म्हणाला. "अपडेट करायचंय." हिंदीत म्हणायला गेला, पण तोंडून मराठीच आलं.

"अरे, तुम्ही मराठी?" ती खूश झाली. "मी पण. माहेर स्नेहलतागंजचं. इथं कोणाशी बोलायलाच मिळत नाही, हे बघा ना, भाषा पूरी बिघडली माझी. बसा सर. बाहेर एक माँजी बसल्या आहेत, त्यांचं झालं की तुम्ही करा तुमचं. पण पहिले मला पिन बघू द्या."

तिने मशीन लावलं. जुना पडदा दोनदा लुकलुकला आणि गयाबाई आली. पहिल्या आवृत्तीतली, पुढच्या कुठल्याही सुधारणेचा हात न लागलेली. रत्नपालचा श्वास जिथल्या तिथं थांबला. अंबिकाने वाकून पिनेकडे पाहिलं, मान हलवली, 'ठीक' दाबलं. आणि पाटीकडे वळता वळता, खोलीतल्याच कुणाशी बोलावं तशी, म्हणाली, "छोड़ो माँजी. सांस छोड़ो."

रत्नपाल खुर्चीतून अर्धा उठला. "काय म्हणालात?"

ती ओशाळली. "काही नाही सर. आदत आहे."

"नाही, सांगा ना. कोणाला म्हणालात?"

"ह्यांना." तिने पडद्याकडे हात केला. "आता तुम्ही हसाल. आम्हाला ट्रेनिंगमध्ये मॅडम होत्या, त्या बोलायच्या, रोको बोललात ना, तर छोड़ो बोलल्याशिवाय हात दुसऱ्या कामाला लावायचा नाही. म्हातारी माणसं खरंच धरून ठेवतात सर. त्यांना वाटतं, सांगितलं नाही तर कसं सोडायचं. आणि ह्या माँजी तर बघा, फुल सांस भरून उभ्या आहेत. ह्यांना तेव्हा कोणी बोललं की नाही, काय माहीत? मग मी बोलून देते. आपलं काय जातं?"

"रोज?"

"रोज. सकाळी पहिल्या ह्याच असतात ना. मी सुट्टीवर असले की जी पोरगी येते, तिला पण बोलून ठेवलंय. माँजीला छोड़ो बोल, मग पुढचं काम कर."

रत्नपाल परत बसला.  इतकी वर्षं ह्या खोलीत आईला रोज सकाळी कुणीतरी 'सोड' म्हणत होतं, आणि ती रोज सोडत होती. बाकीच्या खोल्यांत ती उभी राहिली असेल. पण इथं, तिच्या पहिल्या नोकरीच्या जागी, तिला कुणी विसरलं नव्हतं. त्याला आनंद झाला, आणि लगेच इतकं वाईट वाटलं, की त्याने चष्मा काढून रुमालाने उगाचच पुसला.

"सर, पाणी देऊ?"

"नको." त्याने फोन काढला. "संहिता, नवी चेस्ट पाठवा. सगळीकडे."

"घरच्यांची परमिशन नाही मिळाली का सर?"

"मिळाली. तरी पाठवा."

मग त्याने ड्राइव्ह मशीनला लावला. पडद्यावर नेहमीसारखा प्रश्न आला, जुना फोटो काढून टाकायचा का? अंबिका जवळ येऊन वाचू लागली.

"म्हणजे, माँजी बदलणार? का? पिन तर एकदम साफ दिसते."

"ड्युटी संपली त्यांची," रत्नपाल म्हणाला.

"रिटायर?"

"हो."

अंबिकाने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं. काय समजली कोण जाणे. तिने पडद्याकडे बघून हात जोडले आणि बाजूला झाली. रत्नपालला एकदा स्वतःच्या तोंडाने 'सोड' म्हणायचं होतं. ओठ हललेही. पण ते आज म्हणून झालं होतं, आणि त्याच्यापेक्षा चांगलं. त्याने बटण दाबलं.

नवी छाती आली. डावी बरगडी सरळ होती. पिन जागेवर होती. अंबिकाने ती पाहिली, 'ठीक' दाबलं, सवयीने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"हिला काही बोलावंसं वाटत नाही, सर," ती म्हणाली. "पाठवते आता पेशंटला. तुम्ही जरा बाहेर बसा."

बाहेरच्या बाकावर एक म्हातारी बसली होती, लुगडं आणि ओढणी, हातात कोपरापर्यंत बांगड्या. बरोबर कुणी नव्हतं. अंबिकाने दारातून बजावलं, "माँजी, सब उतारो. चूड़ी, कान का, गले का, सब." म्हातारीने एकेक काढून ओढणीच्या पदरात ठेवलं आणि आजूबाजूला पाहिलं. बाकावर रत्नपालच होता. तिने सगळं त्याच्या ओंजळीत ओतलं. "पकड़ जे बेटा."

"वो पिन भी, माँजी. पिन भी उतारो."

म्हातारीने खांद्यावरची पिन काढली, बंद केली आणि तीही त्याच्या हातावर ठेवली. ओढणी हाताने धरून ती आत गेली. जाड दार लागलं.

रत्नपालने बांगड्या मांडीवर ठेवल्या. पिन हातातच राहिली.

"लंबी सांस लो माँजी," आतून आवाज आला. "और लो. रोको!"

मशीन गुरगुरलं, थांबलं. सगळं शांत झालं. तो दाराकडे बघत होता. आपण उठून उभे राहिलोय आणि मूठ आवळलीय, हे त्याला कळलंच नाही.

"छोड़ो, माँजी. छोड़ो."

आत म्हातारीने लांब श्वास सोडला, मग खोकली, मग कशाला तरी हसली. रत्नपालनेही सोडला. बाकाची कड धरून तो हळूच खाली बसला. समोर दार होतं, आणि त्याच्या मागे एक म्हातारी होती, दुसरं कुणी नव्हतं.

ती बाहेर आली, मांडीवरच्या बांगड्या उचलून एकेक चढवू लागली, कानातलं घातलं. सगळं झाल्यावर ओढणी खांद्यावर सावरून तिने हात पुढे केला.

"म्हारी पिन?"

रत्नपालने मूठ उघडली. तळहातावर पिनेचा आकार उमटला होता. तिने पिन घेतली, ओढणी खांद्याला टाचली आणि अंगणातल्या उन्हात निघून गेली.